प्रो बोल कोणासाठी खेळला जात असे?

प्रश्न : तीननद्याकाठ

नमस्कार. गेली नऊ वर्षे आम्ही पिट्सबर्गमध्ये राहतो. पहिले दोन हिवाळे अमेरिकन फुटबॉल म्हणजे मला दर सहा सेकंदांनी थांबणारी ढकलाढकली वाटत असे. पुढे शेजारच्या आजोबांनी समोर बसवून डाउन, यार्ड आणि पेनल्टी यांचा हिशेब समजावून सांगितला, आणि आता आमच्या गावच्या स्टीलर्स संघाचा सामना असेल त्या रविवारी आमच्या घरी फोन उचलला जात नाही. १९७५ पासून येथील प्रेक्षक सामन्यात जे पिवळे टॉवेल फिरवत आले आहेत, ते आमच्याकडे तीन आहेत. त्यांपैकी एक आईने पुण्याहून आल्या आल्या भांडी पुसायला घेतला, म्हणून आमच्या चिरंजीवांनी आजीशी दिवसभर अबोला धरला होता. आमच्या भक्तीची पातळी लक्षात यावी म्हणून हे सांगितले.

सध्या मुलगा जुन्या प्रो बोल सामन्यांच्या चित्रफिती पाहत असतो. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या दोन्ही कॉन्फरन्समधील, म्हणजे संघांच्या दोन गटांतील, निवडक खेळाडूंचा हा सामना म्हणजे लुटुपुटूची लढाई आहे, असे मी येथे ज्याला विचारले त्याने सांगितले. बचाव करणारे अंगावर जात नाहीत, पळणारा स्वतःहून सीमारेषेबाहेर जातो, आणि शेवटी ५९-४१ असा काहीतरी गुणफलक लागतो. तरीही हा सामना जेथे होई ते हवाईतील होनोलुलूचे मैदान तीस वर्षे भरत होते, हेही त्या चित्रफितींतच दिसते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बेसबॉलचा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचा, सामना लोक अजूनही आवडीने पाहतात, मग फुटबॉलच्याच वाट्याला ही अवकळा का आली? आणि माझ्यासारख्या एका संघाला वाहून घेतलेल्या प्रेक्षकाने अशा सामन्यात पाहायचे तरी काय? आमच्या हाडवैरी बाल्टिमोरच्या खेळाडूसाठी टाळी वाजवणे माझ्या हातून व्हायचे नाही.

उत्तर : चौथाडाउन

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या घडणीतच आहे. बेसबॉलमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात साठ फुटांचे अंतर असते. गोलंदाजाने संपूर्ण ताकद लावली तरी फलंदाजाचा गुडघा मोडत नाही, त्यामुळे सामना प्रदर्शनीय असला तरी मूळ झुंज खरी राहू शकते. फुटबॉलमध्ये सव्वाशे-दीडशे किलोंची दोन माणसे प्रत्येक डावाला एकमेकांवर आदळतात, आणि त्यांतल्या एकाने हातचे राखले व दुसऱ्याने राखले नाही, तर राखणाऱ्यालाच इजा होण्याचा धोका अधिक. म्हणून दोघांनीही राखायचे असा अलिखित करार होतो, आणि तो झाला की खेळाचा कणाच निघून जातो. प्रो बोलच्या नियमांनी हा करार बऱ्याच अंशी लेखी केला होता. ब्लिट्झला, म्हणजे जादा बचावपटूंनी चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडण्याला, बंदी, बचावाची रचना ठरलेली, आणि पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून देणे, अडवण्यासाठी धावून जाण्यास मनाई. पुढे २०१४ पासून चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याचा किकऑफही काढून टाकण्यात आला.

ही भीती निराधार नव्हती. १९९९ मध्ये न्यू इंग्लंडचा रॉबर्ट एडवर्ड्स, ज्याने पहिल्याच हंगामात हजार यार्डांहून अधिक धाव घेतली होती, प्रो बोलच्या आठवड्यात होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावरील वाळूत नवोदितांचा फ्लॅग फुटबॉल सामना खेळताना पडला आणि त्याचा गुडघा इतका निकामी झाला की पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. तो परतला थेट २००२ मध्ये, मायामीकडून. वाळूवर, टॅकल म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणे नसलेल्या खेळात हे घडले, हे ज्यांनी पाहिले ते पुढच्या फेब्रुवारीत जीव तोडून कशाला पळतील?

फुटबॉलने सुरुवातीला मात्र निराळीच वाट धरली होती, आणि ती आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी १९३३ मध्ये बेसबॉलचा ऑल-स्टार सामना भरवला आणि लगेच १९३४ मध्ये फुटबॉलचा. या दुसऱ्या सामन्यात एका बाजूला व्यावसायिक लीगचा विजेता संघ असे, तर दुसऱ्या बाजूला महाविद्यालये नुकतीच संपवून आलेले देशभरातले निवडक खेळाडू. आपल्या इराणी करंडकात रणजी विजेत्यांसमोर शेष भारत उभा राहतो, तशीच ही मांडणी. पहिला सामना शिकागो बेअर्सविरुद्ध ०-० असा बरोबरीत सुटला आणि तो पाहायला सोल्जर फील्डवर ७९ हजारांहून अधिक लोक आले होते. त्या काळी महाविद्यालयीन फुटबॉललाच खरी प्रतिष्ठा होती आणि व्यावसायिक खेळाकडे थोडे नाक मुरडूनच पाहिले जाई. त्यामुळे विजेते सरस की पोरे, हा प्रश्न प्रेक्षकांच्या दृष्टीने खरोखरच अनिर्णित होता. हळूहळू त्याचे उत्तर ठरून गेले. १९६३ मध्ये पोरांनी ग्रीन बेला २०-१७ असे हरवले, तो त्यांचा शेवटचा विजय. ज्या संघांनी त्या नवोदितांना करारबद्ध केले होते, तेही आपला महागडा माल दुसऱ्याच्या सामन्यात धोक्यात घालायला कुरकुरू लागले. शेवटचा सामना १९७६ चा, आणि त्यात आपलेच स्टीलर्स होते. तिसऱ्या सत्रात २४-० अशी आघाडी असताना वादळी पाऊस कोसळला, प्रेक्षक मैदानात घुसले, गोलचे खांब उखडले गेले आणि खेळ तेथेच थांबला. तो पुन्हा कधीच झाला नाही.

प्रो बोलची परंपरा १९५१ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला सुरू झाली. तिच्यातला मान खरा आहे. निवडीत चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा प्रत्येकी एकतृतीयांश वाटा असतो, अनेकांच्या करारात निवड झाल्यास जादा रक्कम मिळण्याची अट असते, आणि खेळाडूची कारकीर्द मोजताना किती वेळा प्रो बोल, हे हमखास विचारले जाते. टॉम ब्रेडी विक्रमी १५ वेळा निवडला गेला, पण त्यांतल्या बहुतेक वेळा तो खेळायला गेलाच नाही. निवड हवी, सामना नको. २०१० पासून हा सामना सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यानंतर न भरवता आधीच्या आठवड्यात आणला गेला. मधल्या रिकाम्या रविवारी दूरचित्रवाणीला काहीतरी दाखवायला मिळाले, पण अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोन्ही संघांचे खेळाडू आपोआप बाद झाले. सर्वोत्तमांच्या सामन्यातून वर्षातले सर्वोत्तम संघच वगळणे हे मला आजही हास्यास्पद वाटते. आपण उल्लेखलेला ५९-४१ हा सामना २०१२ चा. त्यात ब्रँडन मार्शलने चार टचडाउन केले आणि प्रेक्षकांनी खेळाडूंची हुर्यो उडवली. पैसे मोजून पाट्या टाकताना पाहायला लोक तरी किती वर्षे येणार?

उत्तर : ओआहूकर

चौथाडाउन यांनी खेळाची बाजू चोख मांडली आहे, पण त्यांचे विवेचन वाचून असे वाटते की प्रेक्षक दरवर्षी फसत होते आणि तरीही येत होते. नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे होनोलुलूत काढली आणि अलोहा स्टेडियममध्ये चार प्रो बोल पाहिले. मला एकदाही फसल्यासारखे वाटले नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हवाईला व्यावसायिक संघ नाही. सर्वांत जवळचा संघ कॅलिफोर्नियात, म्हणजे सुमारे ३,८०० किलोमीटर समुद्र ओलांडून. १९८० ते २००९ अशी सलग तीस वर्षे हा सामना तेथे झाला, आणि बेटावरच्या माणसासाठी एनएफएलचे खेळाडू प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची ती वर्षातली एकमेव संधी होती. त्यात ज्युनिअर साऊ किंवा ट्रॉय पोलामालू यांच्यासारखे सामोअन वंशाचे खेळाडू मैदानात आले की मैदानभर जो आवाज उठे, तो गुणफलकासाठी नसे. आमच्या कार्यालयातील एक सामोअन सहकारी आपल्या आईला घेऊन येई. त्या माऊलीला खेळाचे नियम ठाऊक नव्हते. साऊ कोणत्या बाजूला आहे एवढेच ती विचारी आणि मग सामना संपेपर्यंत तिकडेच पाहत राही.

दुसरी गोष्ट दूरचित्रवाणीवर नीट कळत नाही. प्रो बोलमध्ये अंगातली जर्सी कॉन्फरन्सची, म्हणजे संपूर्ण संघाची एकच असे, पण डोक्यावरचे हेल्मेट ज्याने त्याने आपापल्या संघाचे घालायचे. त्यामुळे खेळाडू डावाआधी गोल करून उभे राहिले की वरच्या रांगेतून ते दृश्य आजीने शिवलेल्या गोधडीसारखे दिसे. प्रत्येक तुकडा ओळखीचा, आणि कोणतेही दोन तुकडे एरवी एकत्र न दिसणारे. आपण बाल्टिमोरचे नाव काढलेत म्हणून सांगतो. त्या काळात पोलामालू आणि बाल्टिमोरचा एड रीड हे दोघे एकाच कॉन्फरन्सचे सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, म्हणून निवडले जात. वर्षातून दोनदा ज्यांचे संघ एकमेकांचे हाडवैरी, त्यांना शेजारी उभे राहून हातवारे करत मैदान वाटून घेताना पाहणे, यात स्टीलर्सवरची निष्ठा कमी होण्यासारखे काय आहे? उलट आपला माणूस कोणत्या तोडीचा आहे, हे त्याच्या बरोबरीच्या माणसाशेजारीच नेमके दिसते. टाळी नका वाजवू हवे तर, पण पाहाल नक्की.

आणि सगळेच हातचे राखून खेळत असे नाही. २००७ च्या सामन्यात बफेलोचा पंटर ब्रायन मूरमन पंट न मारता चेंडू घेऊन पळाला, तेव्हा वॉशिंग्टनच्या शॉन टेलरने त्याला असा काही आडवा केला की क्षणभर मैदान गप्प झाले आणि मग एकच गलका उठला. मूरमन उठून उभा राहिला, म्हणून त्या आठवणीला हसू चिकटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेलर स्वतःच्या घरात घुसलेल्या चोरट्यांच्या गोळीने गेला. तो अवघ्या २४ वर्षांचा होता. फेब्रुवारी २००८ च्या प्रो बोलमध्ये एनएफसी या टेलरच्या कॉन्फरन्सचा बचाव पहिल्या डावाला अकराऐवजी दहाच खेळाडूंनिशी उभा राहिला. टेलरची जागा रिकामी ठेवली होती. ज्या सामन्यात हार-जितीला किंमत असते, तेथे असे मोकळेपणाने करता आले असते की नाही याविषयी मला शंका आहे. मी त्या दिवशी तेथे होतो, आणि प्रदर्शनीय सामना निरर्थक असतो हे वाक्य त्यानंतर मी तरी उच्चारलेले नाही.

उत्तर : अलाबामाचे जावई

ओआहूकरांचे लेखन सुंदर आहे, पण भावना बाजूला ठेवून सांगायचे तर फुटबॉलमधले पाहण्यासारखे ऑल-स्टार सामने प्रो बोलच्या खालच्या पायरीवर आहेत. माझी सासुरवाडी मोबाइल गावची (होय, गावाचे नावच ते आहे), आणि तेथे १९५१ पासून सीनिअर बोल होतो. महाविद्यालयाचे शेवटचे वर्ष संपवलेले खेळाडू आठवडाभर सराव करतात, कठड्याशी एनएफएलच्या सर्व संघांचे पारखी वह्या घेऊन बसतात, आणि लहानशा महाविद्यालयातून आलेला एखादा अनोळखी लाइनमन मोठ्या नावाच्या बचावपटूला सलग तीनदा थोपवून धरतो तेव्हा त्याचे नशीब तेथल्या तेथे बदलते. येथे कोणी पाट्या टाकत नाही, कारण कोणाच्याही हातात अजून करार नाही. हेल्मेट येथेही ज्याच्या त्याच्या महाविद्यालयाचे असते, तेव्हा गोधडी हवी असेल तर तीही मिळेल.

याहूनही जुना ईस्ट-वेस्ट श्राइन सामना १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला, तो मुलांच्या श्राइनर्स रुग्णालयांना निधी मिळवून देण्यासाठी. खेळाडू त्या निमित्ताने रुग्णालयातील मुलांना भेटतात. तिकिटाचा पैसा कोठे जातो हे ठाऊक असले की सामन्याच्या दर्जाविषयी कुरकुर करायला जीभ रेटत नाही.

तीननद्याकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रीड आणि पोलामालू यांची चित्रफीत काल रात्री मुलाबरोबर पाहिली. टाळी वाजवली नाही, पण दोनदा मागे नेऊन पाहिली, हे कबूल करतो. आता एकच शंका उरली. २०२३ पासून टॅकलचा सामना बंद करून जो फ्लॅग फुटबॉल खेळवतात, त्याला फुटबॉल म्हणावे का? मुलगा म्हणतो म्हणावे. मला तो शाळेच्या स्नेहसंमेलनातला कार्यक्रम वाटतो.

चौथाडाउन

पहिल्या वर्षी लास व्हेगासचा तो सोहळा पाहून मलाही तसेच वाटले होते. कमरेच्या पट्टीला लावलेली फीत ओढली की डाव संपला, मधूनच डॉजबॉल, आणि प्रशिक्षक म्हणून मॅनिंग बंधू या माजी खेळाडूंची थट्टामस्करी. माझे मत पुढे थोडे बदलले, आणि त्याचे निमित्त मुंबईत घडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत झाले. त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी ज्या खेळांना मंजुरी मिळाली, त्यांतल्या क्रिकेटच्या आनंदात आपल्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही की त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल होता. मे २०२५ मध्ये एनएफएलच्या संघमालकांनी आपल्या खेळाडूंना तेथे खेळण्यास संमती दिली, मात्र एका देशाच्या संघात प्रत्येक क्लबचा फार तर एक खेळाडू असेल या अटीवर. म्हणजे क्लबांच्या ओढीतून सुटून अनेक संघांचे खेळाडू एका जर्सीत येणार, आणि या वेळी समोर पदक असल्यामुळे हातचे राखण्याचे कारण उरणार नाही. टॅकलच नसल्यामुळे पूर्ण वेगाने पळण्याचा धोकाही पुष्कळ कमी.

ओआहूकरांना मात्र आधीच सांगून ठेवतो. फ्लॅगमध्ये ते कडक हेल्मेट नसते. त्यामुळे त्यांची गोधडी तेथे दिसायची नाही. खेळाडूंचे चेहरे दिसतील.

ओआहूकर

चालेल. पोलामालूचे केस तर हेल्मेट असतानाही दिसतच होते.