सल्ला हवाय: मावशीसाठी 'नॅनो इम्युनोथेरपी', मुंबईत खरंच असं काही आहे का?

मीनल_डोंबिवली
नमस्कार मंडळी. माझी मावशी, वय ५४, ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर (हार्मोनची आणि हर-२ ची औषधं ज्यावर चालत नाहीत तो), फुफ्फुसात गेलाय. गाठीच्या तपासणीत पीडी-एल१ हे प्रथिन पॉझिटिव्ह आलंय म्हणून ठाण्याच्या डॉक्टरांनी पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपी, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) आणि सोबत नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमो लिहून दिलंय. त्यात मावसभावाने एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवलाय, तिथे म्हणे इम्युनोथेरपी नॅनो कणांत भरून थेट गाठीवर सोडतात. पॅकेज १४ लाख, ट्रायल चालू आहे म्हणून थोडं कमी करू म्हणाले. आमचं बजेट सगळं मिळून ६ लाख, त्यातले २ मावशीच्या बांगड्या विकून येतील ते. कोणी घेतलंय का असलं काही?

अण्णा_गिरगाव
टाटा. दुसरीकडे बघूच नका. माझ्या साडूला जबड्याचा होता, त्याला निव्होलुमॅब, हीपण इम्युनोथेरपीच, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम आणि बाकी घरी खायच्या गोळ्या. टाटाच्याच डॉक्टरांचा अभ्यास आहे, एक वर्षानंतर हयात असणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. साडू काल गणपतीची वर्गणी मागायला आला होता. २० मिलिग्रॅम मागा तुम्ही.

निखिल_ठाणे
आता जमाना कार-टीचा आहे, पेशंटच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढून, बदलून परत सोडतात. आपल्या पवईच्या आयआयटीत तयार झाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी सुरू केली. अमेरिकेत कोटींचा खर्च, इथे तीस-चाळीस लाखांत होतं. कर्ज काढा पण हेच करा.

सिस्टर_सोनचाफा
निखिल, तिने ६ लाख लिहिलंय. आणि ती कार-टी बी पेशींच्या ब्लड कॅन्सरला आहे, ब्रेस्टला नाही. अण्णा, तुमच्या साडूंचा अभ्यास तोंड-घशाच्या कॅन्सरचा, तो डोस इथे स्वतःहून मागायचा नाही.

मीनल, मी १४ वर्षं हॉस्पिटलच्या केमो डे-केअरला आहे. तुझ्या कागदावर नॅनो आधीच आहे गं! नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणजे पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनच्या, म्हणजे आपल्या रक्तातल्याच प्रथिनाच्या, १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेलं. साधं पॅक्लिटॅक्सेल एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात असतं, त्याची रिॲक्शन येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. स्टेरॉइड रोगप्रतिकारशक्ती दाबतं आणि इम्युनोथेरपीला तर ती जागी हवी, म्हणून बरेच डॉक्टर नॅब घेतात. याची बाटली आम्ही हलवत नाही, सलाईन काचेच्या आतल्या बाजूने अगदी हळू सोडायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग सावकाश फिरवायचं, नाहीतर फेस येतो. तयार झालं की दुधासारखं दिसतं, नातेवाईक घाबरून विचारतात की खराब आहे का. अर्ध्या तासात संपतं. पेम्ब्रो मात्र साध्या सलाईनमधून वेगळं जातं, ते कुठल्या कणात भरलेलं नसतं.

माटुंग्याची_पीएचडी
सिस्टरना +१. माझं कामच नॅनो कणांवर आहे म्हणून लिहिते. इम्युनोथेरपी कणात भरायची कल्पना खोटी नाही, उलट फार मोलाची आहे. हे औषध अंगभर फिरतं म्हणून प्रतिकारशक्ती आतड्यावर, थायरॉइडवर, फुफ्फुसावरही उठते. गाठीतच सोडता आलं तर तो त्रास कमी होईल. पण शिरेतून सोडलेले कण आधी लिव्हर आणि प्लीहा गिळतात. २०१६ मध्ये कोणीतरी दहा वर्षांचे, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर गाठीपर्यंत पोचणारा भाग मध्यक (मीडियन) ०.७ टक्के निघाला. रोज त्याच आकड्याशी झगडतो आम्ही. सगळ्यात पुढे गेलंय ते एमआरएनए लस चरबीच्या कणांत भरून मेलानोमाला द्यायचं काम, कोविडच्या लशीचंच तंत्र, पण तेही ट्रायलमध्येच. १४ लाखांचं पॅकेज लावून विकावं असं यात अजून काही नाही.

खरी ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असतेच, २००९ पासून सक्तीची आहे. नंबर मागा. आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत हो!

कोकणी_माणूस
नॅनोच्या नावाने मी पोळलोय. बायकोच्या केमोत नॅनो हळदीच्या कॅप्सूल दिल्या, महिना ४५००. दुसऱ्या महिन्यात लिव्हरचे रिपोर्ट वाढले, केमो दोन आठवडे पुढे गेली. डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी. मावशी काय काय खाते ते सगळं डॉक्टरांना सांगा, काढासुद्धा.

अण्णा_गिरगाव
हळदीला नावं ठेवू नका. आणि टाटाला जायचं तर डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, तिथून टॅक्सी.

परळची_स्नेहल
पेशंटला घेऊन दादरचा जिना?? स्लो पकडा, परळला उतरा. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, सर्टिफिकेट जवळ ठेवा. मुक्काम लागला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. माझंही मत टाटाच.

निखिल_ठाणे
टाटाच्या रांगेत पहाटेपासून उभं राहावं लागतं, माझा स्वतःचा अनुभव आहे.

परळची_स्नेहल
माझ्या वडिलांची फाईल दोन तासांत झाली, माझाही स्वतःचाच अनुभव.

सिस्टर_सोनचाफा
धागा भरकटतोय. मीनल, तीन गोष्टी. पेम्ब्रोच्या कंपनीच्या पेशंट योजनेचा फॉर्म पहिल्या डोसआधी भर, ६ लाखांत ते फार दिवस पुरणार नाही. थायरॉइडची तपासणी आधी करून ठेव. आणि इम्युनोथेरपी सुरू झाल्यावर जुलाब लागले किंवा नवा खोकला, धाप सुरू झाली तर घरच्या घरी गोळी देऊ नकोस, त्याच दिवशी फोन कर. शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा होतं हे.

मीनल_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. क्लिनिकला सीटीआरआय नंबर विचारला, प्रोसेसमध्ये आहे म्हणाले, मग फोन उचलला नाही. तो विषय संपला. पण टाटालाही जात नाही आहोत. रागावू नका. मावशी म्हणते, ठाण्याच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून बोलणं केलं, रिपोर्टकडे बघून नाही, मला तिथेच घे. पहिला डोस मंगळवारी आहे, नवीन फाईल आणि पुन्हा तपासण्यांत तिला तीन आठवडे घालवायचे नाहीत. योजनेचा फॉर्म भरलाय, पैसे संपले तर पुढे काय ते डॉक्टरांशी आत्ताच बोललेय. बांगड्या अजून विकलेल्या नाहीत. सिस्टर, त्या काढायला ती तयारच नाही, सलाईनला चालतात का?

सिस्टर_सोनचाफा
सुई लागेल त्या हातातल्या काढाव्याच लागतील. दुसऱ्या हाताला सूज नसेल तर तिथल्या राहू देत. आणि शाल घेऊन जा, एसी फार असतो.