मदत हवी आहे: जुनी बोलेरो पिकअप, टर्बो गेलाय की पिस्टनच्या रिंगा?

तासगावला २०१८ ची बीएस-४ बोलेरो पिकअप बघितली आहे, द्राक्षाचे क्रेट वाशी मार्केटला न्यायला. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागतं. पण थोडा वेळ आयडलिंगवर ठेवून रेस दिली की निळा धूर येतो, मग विरतो. ऑइल फिलरचं झाकण सैल करून ठेवलं तर थडथड उडतं, खालून वाफ धपधप येते. टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पाइपात तेल आहे, पण ते ब्रीदरमधूनही (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतूनही) येऊ शकतं. कूलंट स्वच्छ आहे. आरसीवरचा बोजा उतरलाय, फिटनेस चालू आहे.

मालक टर्बोचं सील म्हणतोय, मला रिंगांचा दाट संशय आहे. हेड खोलू देणार नाही, कॉम्प्रेशन टेस्टला (सिलिंडरमधला दाब मोजायला) तयार आहे. चार सिलिंडरमध्ये किती फरक चालतो? आणि ब्रीदरचा पाइप टर्बोपासून सोडवून धूर बघितला, तर दोष नक्की कुठला ते कळेल का?