मदत हवी आहे: जोत्याची भरणी एक पावसाळा भिजू द्यावी की मृगाआधी स्लॅब उरकावा?

मंडळी, कुडाळ तालुक्यात गावच्या जागेत घर बांधतोय. फक्त तळमजला. कॉलम-बीम आरसीसीचे, भिंती चिऱ्याच्या, वर स्लॅब आणि त्यावर पत्र्याची उतरती शेड. मी डोंबिवलीला, कामावर लक्ष बाबांचं. शिमगा तोंडावर आलाय, तेव्हा कामगार गावी जातील. त्याआधी कंत्राटदाराला एक काय ते सांगायचं आहे.

प्लिंथ बीम झाले. आत जवळजवळ तीन फूट भरणी आहे. सहा-सहा इंचांचे थर टाकायचे, पाणी मारायचं, धुम्मस करायचा असं ठरलं होतं. बाबा तालुक्याला गेले त्या दिवशी जेसीबीने सगळी माती एकदम आत लोटली. वरून पाणी मारलं, पण ते खालपर्यंत गेलं असेल असं वाटत नाही.

कंत्राटदार म्हणतो, लगेच पीसीसी (फरशीखालचं साधं, बिनसळयांचं काँक्रीट) करू, मे महिन्यात स्लॅब, दिवाळीला गृहप्रवेश. बाबा म्हणतात, जोतं एक पावसाळा खाऊ दे. आजोबांनी तसंच केलं होतं आणि त्या घराची जमीन आजही कुठे दबलेली नाही.

भिंतींचा भार बीम-कॉलमवर जातो, त्यामुळे भरणी बसली तरी भिंती खचणार नाहीत हे कळतं. दबेल ती फरशी. पण एकदा वर स्लॅब पडला की भरणीला पावसाचं पाणी मिळणारच नाही. आणि थांबलो, तर कॉलमच्या सळया तीन हजार मिलिमीटरच्या पावसात उघड्या. माझा जीव या दोन्हींत अडकलाय.

शिवाय आमची विहीर एप्रिलअखेर तळ गाठते. पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस, कडक उन्हात 14 दिवस पाणी द्यावं असं आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. स्लॅबला टँकरच्या पाण्यावर क्युरिंग कोणी केलंय का? वाळवीची फवारणी भरणी पक्की बसल्यावर, पीसीसीच्या आधीच करायची ना?

(ड्रॉइंगवर एम20 ताकदीचं काँक्रीट आहे, कंत्राटदार एक-दोन-चारचा (सिमेंट-वाळू-खडी) माल म्हणतो. तो एम15, म्हणजे कमी ताकदीचा होतो. तिथे मी हटणार नाही, त्यामुळे त्यावर सल्ला नको.)

प्रतिसाद:
काम थांबवू नका, फक्त पीसीसी थांबवा. आमचं देवगडकडे असंच झालं होतं. प्रत्येक खोलीतली वरची दीड-दोन फूट माती बाजूला काढा, खालच्या थरात पहारीने भोकं पाडून पाणी सोडा आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मग तीच माती थराथराने परत भरा. धुम्मस हाताने नको, कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. हे भिंती उठायच्या आत करा, नंतर माती काढायला जागा राहत नाही. फवारणी सगळ्यात शेवटी, ओल सुकल्यावर.

स्लॅब मात्र एप्रिलमध्येच ओता, मेवर ढकलू नका. वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. वर मातीची आळी घालून दोन इंच पाणी साठवून ठेवा. रोज पाइपने शिंपडण्यापेक्षा टँकर बरेच कमी लागतात. बीमखालचे टेकू 14 दिवसांच्या आत काढू देऊ नका, सेंट्रिंगवाला कितीही घाई करो. पावसाळ्यात आत बसून गिलावा करा, फरशी दिवाळीनंतर.

मूळ लेखक:
दादा, मनापासून आभार. बाबांनाही हे पटेल, कारण जोत्याला पाणी मिळतंय. एकच विचारतो: माती लालच, चिऱ्याच्या खाणीतली आहे, तिच्यात बरेच मोठे डबर आहेत. परत भरताना ते वेचून काढू की फोडून आतच घालू?