अरब पालक आणि बाळाची लस : अडतं कुठे, सुटतं कसं? (अनुभव धागा)

धागाकर्ती
आखातात, जॉर्डनमध्ये, युरोपातल्या स्थलांतरितांच्या दवाखान्यांत बरेच मराठी डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि दुभाषे काम करतात. अरब आईबाप लसीला ‘नंतर बघू’ म्हणतात तेव्हा गाडी नेमकी कशावर अडलेली असते, आणि त्यावर काय चालतं, ते इथे लिहा. स्वतःची कहाणी नको, दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं लिहा. सरसकट नकार फार कमी आढळतो. बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो आणि नेमका तो सोडून बाकी सगळ्याची उत्तरं त्यांना ऐकवली जातात. म्हणून ‘लस का नको?’ असं विचारूच नये. ‘कोणती सुई नकोशी वाटते?’ असं विचारावं.

लसकक्षातली परिचारिका, मस्कत
सोबत आजी आली असेल तर आधी तिला खुर्ची द्या. पुष्कळ घरांत ‘आजचं पुरे’ हा शब्द तिचाच असतो. आईला नावाने न हाकारता थोरल्या मुलाच्या नावावरून हाक मारा, ‘उम्म सालिम’ म्हणजे सालिमची आई, अशी. ती लगेच मोकळी बोलते.

आमच्याकडे सर्वांत जास्त अडतं ते एका भेटीत दोन-तीन सुया म्हटल्यावर. एक टोचून बाकीच्या पुढच्या खेपेला ठेवल्या की पुढची खेप लांबते. यावर उपाय हातांचा आहे, तोंडाचा नाही. पडदा पूर्ण ओढा. पडदा अर्धा राहिला तर आई बाळाला अंगावर घेत नाही, बाळ किंचाळतं, आजी उठते आणि उरलेल्या सुया तशाच राहतात. पडदा ओढून आधी दूध सुरू करू द्या, बाळ नीट ओढायला लागलं की टोचा. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात. एकाच मांडीत दोन द्यायच्या असतील तर दोन्हींमध्ये किमान अडीच सेंटिमीटर अंतर. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते बघायची जुनी सवय सोडा, त्याने नुसती वेदना वाढते. जी जास्त झोंबते ती शेवटी, उदाहरणार्थ न्यूमोकोकल म्हणजे न्यूमोनियावरची.

औषधनिर्माता, शारजा
ताप. पहिल्या लसीनंतर ताप आला की दुसऱ्या लसीला घर गप्प होतं. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-गालगुंड-रुबेलाचा म्हणजे एमएमआरचा ताप मात्र साधारण ६ ते १२ दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर आठव्या दिवशी आईला वाटतं की लसीने गोवरच दिला. तारीख काढून कार्डाच्या मागे लिहून द्या.

पॅरासिटामॉल आधीपासून सरसकट देऊ नका, ताप आला किंवा बाळ कळवळत असेल तरच द्या. वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात ४ डोसांपेक्षा जास्त नाही. इथे खरा घोटाळा बाटलीचा होतो. सिरप बहुधा ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असतं, थेंबांची बाटली १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅमची. आठ किलोच्या बाळाला सिरप ५ मिलिलिटर चालतं. तोच चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, म्हणजे चौपटीहून जास्त. त्यात अरब घरांत गुदद्वारात ठेवायची वडी, ‘तहमीला’, फार वापरतात. आजीने वडी ठेवली आणि आईने सिरप पाजलं की डोस दुप्पट. घरात काय काय आहे ते विचारून मगच मात्रा सांगा, आणि थेंब द्यायचे तर त्याच बाटलीतली पिचकारी वापरायला सांगा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी उतरवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

बालरोगतज्ज्ञ, दोहा
सगळ्यात चिवट विरोध एमएमआरला, आणि तोही ज्या घरात थोरल्या मुलाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आहे तिथे. या पालकांना ‘इंटरनेटवरचं काही वाचू नका’ असं म्हणणं अपमानाचं आहे. त्यांनी खूप वाचलेलं असतं. त्यांना सरळ सांगा : १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, एमएमआरचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा निबंध १२ मुलांवर बेतलेला होता, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफील्ड यांचं नाव नोंदवहीतून काढलं. उलट २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ६,५७,४६१ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भावंडाला स्वमग्नता असलेली मुलं वेगळी काढून तपासली होती, त्यांच्यातही लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. या आईबापांच्या कामाचं वाक्य हेच आहे.

स्वमग्नतेची लक्षणं डोळ्यांत भरतात ते वय आणि एमएमआरचं वय जवळजवळ एकच, म्हणून सांगड घातली जाते. लस तीन वर्षांपर्यंत ढकलून काहीच टळत नाही, फक्त तेवढा काळ मूल गोवराला उघडं राहतं. त्यांची भीती खरी असते, तिला काम द्या : १६ ते ३० महिन्यांत करायची एम-चॅट ही स्वमग्नतेची प्राथमिक चाचणी करणारी प्रश्नावली अरबीत मिळते, ती भरून घ्या. मात्र ‘आधी चाचणी, मग लस’ अशी अट घालू नका.

एका ठिकाणी मात्र पालकांचा संकोच ऐकलाच पाहिजे. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत जन्मजात प्रतिकारशक्तीचे दोष जास्त आढळतात. ‘आधीचं बाळ तान्हेपणीच गेलं’ असं कुणी म्हणालं तर बीसीजी आणि रोटाव्हायरससारख्या जिवंत (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) लसी थांबवून आधी तपासणी करा. जी-६-पीडी या तांबड्या रक्तपेशींतल्या विकराची जन्मजात कमतरता ही गोष्ट वेगळी. त्या मुलांना बाकला (अरबीत ‘फूल’, एक प्रकारचा घेवडा) चालत नाही, म्हणून लसही चालणार नाही असं पालक धरून चालतात. चालते, सगळ्या चालतात.

धागाकर्ती
हलाल-हरामवर अजून कुणी लिहिलं नाही.

औषधखरेदी विभाग, रियाध
कारण तो प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही, पण विचारला गेला तर लपवाछपवी करू नये. एम-एम-आर टू या लसीत डुकरापासून काढलेलं जिलेटिन स्थिरतेसाठी असतं. प्रायोरिक्स या दुसऱ्या एमएमआरमध्ये नसतं. कांजिण्यांच्या लसींत व्हॅरिव्हॅक्समध्ये असतं, व्हॅरिलरिक्समध्ये नसतं. कोणता डबा शीतकपाटात आहे ते बघून उत्तर द्या, ‘नाही हो, काही नसतं’ असं ठोकून देऊ नका. डब्यातलं माहितीपत्रक पालकांना वाचता येतं आणि एकदा खोटं सापडलं की पुढच्या सगळ्या लसी गेल्या. मे १९९५ मध्ये कुवेतला इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिषदेत धर्मशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकत्र बसले होते. मूळ पदार्थाचं पूर्ण रूपांतर झालं की तो निषिद्ध राहत नाही, जिलेटिन त्यात मोडतं, असा निर्णय तिथे झाला. हे सांगा आणि थांबा. धर्मावर आपण वाद घालायचा नाही, त्यांच्या इमामांना विचारू द्या.

हजला जाणाऱ्याला मेनिंगोकोकलची म्हणजे मेंदूज्वराच्या जंतूच्या चार प्रकारांवरची लस पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावीच लागते. घरातल्या आजोबांनी ती घेतलेली असते. त्याची आठवण करून दिली की बोलणं सोपं होतं.

सार्वजनिक आरोग्य, अम्मान
‘अरब पालक’ अशी एकच मोट बांधू नका, एवढीच विनंती. दोह्यातली शिकलेली आई आणि पूर्व सीरियातल्या देर अल-झोरमधली आई यांच्या अडचणी एक नाहीत. सीरियात १९९९ नंतर पोलिओ नव्हता. युद्धात लसीकरण कोलमडलं आणि २०१३ मध्ये देर अल-झोरलाच तो परत आला. २०१७ मध्ये लसजन्य विषाणूने (तोंडी लसीतला कमजोर विषाणू लसीकरण कमी असलेल्या वस्तीत पसरत बदलतो, त्याने) ७४ मुलं लुळी पडली. तिथे पालकांनी नाही म्हटलं नव्हतं, लस पोहोचत नव्हती. गाझात २०२४ मध्ये २५ वर्षांनी पोलिओ आढळला, दहा महिन्यांच्या बाळाला. सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत दहा वर्षांखालच्या सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना थेंब पाजले गेले. बॉम्बहल्ल्यांच्या मधल्या विरामांत आईबाप मुलं घेऊन रांगेत उभे होते. आधी पुरवठा तपासा, संकोचाचं नाव नंतर घ्या.

दुभाषी, बर्लिन
कार्ड चुकीचं वाचलं गेल्यामुळेही विश्वास तुटतो. सीरिया-इराकच्या हस्तलिखित कार्डावर तारीख उजवीकडून सुरू होते : दिवस उजव्या टोकाला, वर्ष डाव्या. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा इंग्रजी सातसारखा दिसतो. महिने आणखी फसवे. कानून अल-अव्वल म्हणजे डिसेंबर, कानून अस्-सानी म्हणजे जानेवारी. डिसेंबरचा डोस त्याच वर्षाच्या जानेवारीत धरला तर तारीख ११ महिने मागे सरकते आणि वर्षानंतर दिलेली गोवराची लस ‘वर्षाआधीची’ म्हणून बाद होते. मग कुटुंबाला वाटतं, आमच्याकडची लस यांना खोटी वाटते. तिश्रीनही दोन आहेत, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर.

मधला डोस राहिला असेल तर मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, पुढून चालू ठेवायची, हे पालकांना स्पष्ट सांगा. पुष्कळजण ‘परत सगळं’ या धास्तीनेच येत नाहीत. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी, नाहीतर किमान २८ दिवसांनी. मधलं अंतर कमी पडलेलं दिसलं तर नंतर दिलेली लस पुन्हा द्यावी लागते. तेव्हा कार्ड आईसमोर धरून दोन्ही तारखांवर बोट ठेवून दाखवा आणि पुढची तारीख तिच्यासमोरच अरबीत लिहा.