मदत हवी आहे: अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपला ओटीपी येत नाही, टीएचआर (घरी न्यायचा आहार) अडलंय

गोदाकाठची:
डोकं उठलंय नुसतं. टीएचआरची पाकिटं अंगणवाडीत येऊन पडलीत आणि दोन गरोदर बायांचं फेस (अ‍ॅपमध्ये चेहऱ्याची ओळख) होत नाहीये. ओटीपीच येत नाही. पर्यवेक्षिका म्हणतात, फेसशिवाय वाटप धरणार नाही. बाया हेलपाटे मारतायत. लवकर सांगा कोणीतरी.

तंत्रमित्र:
अ‍ॅप अपडेट करा, कॅशे साफ करा. माझ्या वहिनीचं त्यानेच झालं.

उंबरठा:
ताई, अडतंय कुठे? ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, की महिन्याच्या वाटपाला? आणि आधारला नंबर कोणाचा आहे?

लढा_चालू:
मोबाइलच परत करा! 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी बिघडके सरकारी मोबाइल परत केले होते. एकटीने विचारून काही होत नाही, संघटनेत या.

उंबरठा:
संघटना हवीच, पण त्या बाईला आहार आज हवाय. त्यांना आधी उत्तर देऊ द्या.

गोदाकाठची:
ई-केवायसीच. दोघींची नवीन नोंदणी. आधारला नवऱ्यांचे नंबर, आणि ते ऊसतोडीला सांगलीकडे. दिवस भरत आलेत म्हणून या मागे राहिल्या. फडात रेंज नसते.

तंत्रमित्र:
मग अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबर बदला ना.

उंबरठा:
अ‍ॅपमध्ये बदलून उपयोग नाही, ओटीपी आधारच्या नंबरावरच जातो. नवरा रात्री खोपीवर आला की फोन करा. बाईला शेजारी बसवा, मगच ओटीपी मागवा. 10 मिनिटंच चालतो. पुढच्यासाठी पोस्टमनला बोलवा, तो घरी येऊन आधारचा नंबर बदलून देतो. कागद लागत नाहीत, बोटाचा ठसा लागतो.

माळरान:
पण तिच्याकडे स्वतःचा नंबर कुठून येणार? मी रोजगार हमीवर मेट आहे, मजुरांच्या हजेरीचं काम. आम्हाला एनएमएमएस या हजेरीच्या अ‍ॅपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो टाकावा लागतो. रेंजसाठी टेकाडावर चढायचं, खाली बाया खोळंबून. त्यावर उपाय आहे का कोणाकडे?

तंत्रमित्र:
दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा.

लढा_चालू:
सिमचे पैसे कोण देणार?

गोदाकाठची:
एकीचा नवरा बोलला, आज रात्री ओटीपी सांगतो म्हणाला. दुसरीच्याचा फोन बंदच लागतोय आणि तिचं हिमोग्लोबिन आधीच कमी. तिला पाकीट देऊन वहीत सही घेतली, तर अ‍ॅपमध्ये मागाहून नोंद करता येते का? कोणी केली असेल तर तेवढंच सांगा.