सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना टाच दुखतेय, मदत हवी आहे

वडील ६८, नाशिकरोडला असतात, लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे, कल्चर (लघवीत कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल याची तपासणी) बघूनच दिलंय आणि तापही उतरला, पण कालपासून टाचेच्या वरची मागची शीर दुखतेय. पडले-बिडले नाहीत, सूज नाही, किडनी रिपोर्ट नॉर्मल. दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतात, आणि भीती तीच आहे, कारण साठीच्या पुढे स्टेरॉइडसोबत या औषधाने टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी शीर) तुटायचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००८ मध्येच तसा ठळक इशारा छापायला लावलाय. गंगेवर (गोदावरीकाठी) फिरायला जाणं बंद केलंय, चालायला लावत नाही. डॉक्टर बाहेरगावी, फोन लागत नाही, मेडिकलवाला म्हणतो कोर्स पूर्ण करा (त्याचं काय जातंय!). इथे कोणी डॉक्टर असतील तर सांगा, आज रात्रीचा डोस द्यायचा की थांबवून आत्ताच दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन अँटिबायोटिक बदलून घ्यायचं?