तास मोजताना जरा थांबा

एकाने लिहिलंय की भाचीचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.६ आहे, क्लिनिकमधले तास दोन हजारांवर, मग अमेरिकेतल्या पीए स्कूलची (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारे) चिंता कशाला? पण हे तास नेमके कसले? ती रिसेप्शनवर बसत असेल तर कॅस्पाच्या (पीए कॉलेजांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जाच्या) अर्जात ते तास पेशंट केअरमध्ये धरत नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. ईएमटी (अ‍ॅम्ब्युलन्सवरचे), सीएनए (नर्सचे मदतनीस), मेडिकल असिस्टंट म्हणजे पेशंटला प्रत्यक्ष हात लावून केलेलं काम. स्क्राइबचं (डॉक्टर पेशंट बघताना नोंदी लिहून घेण्याचं) काम काही कॉलेजं धरतात, काही नाही. प्रत्येकाची वेबसाइट बघावीच लागते.

आणखी एक. एखादा विषय पुन्हा दिला असेल तर कॅस्पा दोन्ही ग्रेड मोजतं, त्यामुळे तिथला जीपीए ट्रान्सक्रिप्टपेक्षा कमी निघू शकतो.

निबंधाला जागा फक्त ५००० कॅरेक्टर्सची, स्पेस धरून. त्यात 'लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं' हे लिहिलं की संपलं! डॉक्टर का नाही, पीए होणंच का, याचं उत्तर हवं. (आपल्याकडे हा प्रश्न आधी आजी विचारते, तेवढीच इंटरव्ह्यूची तयारी.)

अर्ज एप्रिलअखेर उघडतात. बरीच कॉलेजं येतील तसे अर्ज बघतात, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.